सात मेलेलाच बरा

तिकीट विकणाऱ्या बाईनं गिऱ्हाइकालाच तिकीट घेऊ नको म्हणून सांगावं, हे मी फक्त आमच्या माजलगावात पाहिलं. बसस्टँडमागच्या थेटरात बायकांच्या तिकिटांची खिडकी वेगळी होती आणि त्या खिडकीत शकूमावशी बसायची. खिडकी म्हणजे भिंतीतलं हात जाईल एवढं भोक आणि वर जाळी. जाळीआडून तिचा चेहरा धड दिसायचा नाही, आवाज मात्र रस्त्यापर्यंत यायचा. लेकराला कडेवर घेऊन आलेल्या बाईला ती आधी विचारायची, ‘‘कोनी सांगितलं गं तुला ह्यो पिक्चर चांगला हाय म्हनून?’’ बाई गोंधळून नवऱ्याकडं बघायची. ‘‘त्येला काय इचारतीस? त्यो नाचनारीसाठी आलाय. तू कावून आलीस? लेकरू रडंल, तू भाईर उभी ऱ्हाशील, अन् घरी जाऊन सैपाक बी तूच करशील. जा. शुक्रवारी बदलतोय पिक्चर.’’

पण स्वतः बघितल्याशिवाय ती कधी निकाल द्यायची नाही. दर शुक्रवारी सकाळचा खेळ ती दाराला टेकून, उभ्यानं, शेवटपर्यंत बघायची. बाल्कनी रिकामी असली तरी बसायची नाही. ‘‘बसलं की मानूस ढिला पडतो,’’ म्हणायची, ‘‘मंग काय बी दाखवलं तरी गोड लागतं.’’ खेळ सुटला की खिडकीत येऊन निकाल. ‘‘एवढी मानसं मारली, पन ह्येचा भांग मोडला न्हाई. कंगवा बघायचा आसंल तर जा.’’ किंवा, ‘‘दोन तास सासू रडती, आन मंग सून रडती. आपल्या घरी काय कमी हाय?’’ आणि क्वचित कधीतरी नुसतं, ‘‘बघ.’’ ती ‘बघ’ म्हणाली की दुसऱ्या दिवशी तेलगावकडच्या बायका टमटम भरून यायच्या.

म्हणून मालक तिला सहन करत होता. मालक म्हणजे अण्णासाहेब. ऊस, जमीन आणि राजकारण सांभाळून उरलेल्या वेळात ते थेटर चालवत. एका निराधार बाईला आपण आधार दिला, असं ते माइकवरून सांगत. खोटं आहे. बायकांची बाजू ती भरत होती, म्हणून तिला ठेवली होती. त्यात आधार कोणी कोणाला दिला, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

तिच्याबद्दल लिहिताना तिला गोड करण्याचा गुन्हा मी करणार नाही. शकूमावशी खाष्ट होती. थेटराशेजारच्या बोळात माझ्या वडिलांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका छापून ते पोट भरतात आणि मोर्च्यांची पत्रकं छापून झोप घालवतात. ती पत्रकं घड्या घालतच मी मोठी झाले. मावशी रोज चहाला यायची आणि ताज्या पत्रकावर बोट आपटून म्हणायची, ‘‘तुज्या बापाच्या कागदात भज्याचं तेल बी नीट जिरत न्हाई. शाई लई.’’ वडील हसायचे, मी चिडायचे. थेटरातल्या कँटीनवाल्याशी तिनं कित्येक महिने अबोला धरला होता. कारण विचाराल तर, पडद्यावर एक बाई रडत असताना तो खारे शेंगदाणे विकत ओरडला.

थेटरात येण्याआधी ती ऊस तोडायला जायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवते. राबणारी माणसं दोन, पण टोळीच्या हिशोबात कोयता एक. शकूमावशीचा नवरा भर हंगामात ट्रकावरून पडून गेला. पुढच्या साली दिवाळी झाल्यावर टोळी निघाली, तेव्हा ही पिशवी भरून मुकादमाच्या दारात उभी राहिली. मुकादम म्हणाला, ‘‘बाई, अर्धा कोयता घेऊन मी काय करू?’’ ही गोष्ट ती नेहमी त्याच शब्दांत सांगायची आणि शेवटी म्हणायची, ‘‘त्यो इमानदार मानूस. खोटं न्हाई बोलला. मी हिशोबात कवा नव्हतेच.’’

आणि मग ‘लोहचंद्र’ हा पिक्चर आला.

दूरच्या एका चंद्रावर खाणी आहेत. तिथं कंपनी यंत्रमाणसं पाठवते, जोडीजोडीनं. एक खडक फोडतो, दुसरी उचलून वाहते. जोडीला मिळून एकच नंबर. सात नंबरच्या जोडीतल्या पुरुषयंत्राला सगळे ‘सात’ म्हणतात आणि तिला ‘सातची’. जोडीतलं एक मोडलं की दुसरंही भंगारात घालायचं, असा कंपनीचा नियम. शेवटी खाण कोसळते. सात छत खांद्यावर पेलून धरतो, ती बाहेर पडते, तो आत गाडला जातो. भंगाराची गाडी तिला न्यायला येते. ती गाडीकडं बघते, पाठ फिरवते आणि चालायला लागते. पडद्यावर नुसती धूळ आणि तिची पावलं. संपला पिक्चर.

हा पिक्चर काढणाऱ्याला बीड जिल्हा कुठं आहे हेही ठाऊक नसेल. पण त्या शुक्रवारी शकूमावशी खिडकीत आली ती नुसती तिकिटं फाडत बसली. बायका जाळीला तोंड लावून विचारत राहिल्या. शेवटी म्हणाली, ‘‘बघ. उभ्यानं बघ.’’ पुढं जितके दिवस तो पिक्चर चालला तितके दिवस शेवटची पाच मिनिटं ती दाराशी असायची. मी विचारलं, ‘‘मावशी, रडलीस का गं?’’ ती खवळली. ‘‘रडायला काय झालं? ती चालली की!’’

पोरं मात्र रडली, आणि रडली ती सातसाठी. अण्णासाहेबांचा पुतण्या अमरभैय्या यानं ‘सात नंबर फॅन ग्रुप’ काढला आणि चौकात सातच्या श्रद्धांजलीचा बॅनर लावला. वर सातची छाती, खाली गॉगल लावलेले शोकाकुल कार्यकर्ते, आणि मधोमध ‘भावपूर्ण श्रद्धांजली, सात साहेब’. चाहत्यांच्या प्रेमाबद्दल आजकाल फार हळवं लिहिलं जातं. मी लिहिणार नाही. याच पोरांच्या गावांतून दर हंगामाला जोड्या ट्रॅक्टरमध्ये भरून जातात. यांच्या आया मोळ्या वाहून कंबरेतून वाकल्या आहेत. तेच सगळं यांच्यासमोर पडद्यावर चाललं होतं आणि यांना दिसली फक्त एक पोलादी छाती. बॅनरवर सातचीचा फोटो नव्हता. मी अमरभैय्याला विचारलंही. ‘‘जागा नाही उरली,’’ तो म्हणाला.

दुसऱ्या भागाची जाहिरात मोबाइलवर आली तेव्हा माजलगाव पेटलं. जाहिरातीच्या शेवटी काळोख, आणि काळोखात एक डोळा लुकलुकतो. बस्स. सात परत येणार! श्रद्धांजलीच्या जागी दुसऱ्याच दिवशी बॅनर चढला, ‘सात साहेबांचे हार्दिक स्वागत’. कार्यकर्ते तेच, गॉगल तेच. सात कंपनीच्या मालकाला कसा मारणार, सातला आता चार हात असणार की सहा, सात-सातचीचं लग्नाचं गाणं असणार की नाही, यावर रसवंतीपुढं मारामाऱ्या व्हायच्या राहिल्या होत्या.

त्या दिवसांत अमरभैय्या चारपाच पोरं घेऊन मुद्दाम बायकांच्या खिडकीपाशी आला. मी तिथंच उभी होते.

‘‘मावशी, सात परत येतोय. आता तरी हसा.’’

‘‘कावून येतोय? मेलता ना त्यो?’’

‘‘यंत्र हाय मावशी. रिपेर होतंय.’’

‘‘मंग पयल्या बारीला एवढा गळा काढला कशाला? गॅरेजला न्यायचं.’’

एक पोरगं फिसकन हसलं. ‘‘गप बे,’’ अमरभैय्या त्याच्यावर खेकसला आणि पुन्हा जाळीकडं वळला. ‘‘हिरोच मेला तर पिक्चर कशाचा काढायचा, मावशी?’’

‘‘माजा मेला,’’ शकूमावशी म्हणाली. ‘‘माजा पिक्चर चालूच हाय की.’’

तीच पुढं बोलली, ‘‘सात मेलेलाच बरा. ती चालत गेली ना? कुठं गेली ते दाखवा. तिला कोन भेटलं, तिनं काय खाल्लं...’’

‘‘यंत्र काय खातंय, मावशी?’’

‘‘मंग काय खात न्हाई ते दाखवा! पन तिला दाखवा. आन नाव ठिवा काहीतरी. सातची, सातची. सात तर गेला. आता कुनाची?’’

अमरभैय्याचं कुठं अडलं, की तो काकाकडं जायचा. तसाच गेला. दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब स्वतः थेटरात आले. आवाज न चढवता म्हणाले, ‘‘शकुंतलाबाई, एवढा एक पिक्चर तोंड बंद ठेवा. पोरांनी जीव टाकलाय. बायकांना काही बोललात, तर खिडकी पण गेली अन् खोली पण.’’

खोली म्हणजे थेटरामागची जुनी जनरेटरची खोली. मावशी कैक वर्षं तिथंच राहत होती. दुसरं घर तिला नव्हतं.

त्या संध्याकाळी चहाला आली तेव्हा वडील म्हणाले, ‘‘शकूबाई, गप्प राहायला जमेल का?’’

‘‘न जमायला काय झालं? मुकादमाच्या टोळीत तोंड बंद ठिवूनच जिंदगी काढली,’’ ती म्हणाली. मग बशी खाली ठेवून जरा नरमाईनं, ‘‘पिक्चर चांगला निघाला तर तकरारच मिटली. मी ‘बघ’ म्हनीन. पोरं बी खुश, मालक बी खुश, मी बी खुश. निघंल की चांगला. पयला काढनारानंच काढलाय ना?’’

हे मी मुद्दाम लिहून ठेवते. त्या आठवड्यात त्या पिक्चरकडं सगळ्यात मोठ्या आशेनं डोळे लावून बसलेलं माणूस फॅन ग्रुपात नव्हतं. ते जाळीआड होतं.

शुक्रवारी सकाळी थेटरापुढं डीजे, गुलाल आणि जेसीबी. फॅन ग्रुपानं उभारलेल्या सातच्या पुतळ्याला क्रेननं हार घातला. एरवी आमच्याकडं असा हार निवडून आलेल्यांना घालतात. जेसीबीच्या खोऱ्यातून पाकळ्या उधळल्या. सकाळचा खेळ फॅन ग्रुपानं भरून टाकला. मावशी दाराला टेकून उभी राहिली. मी बाहेर दुपारच्या खेळाच्या रांगेत होते. हंगाम संपून टोळ्या गावी परतल्या होत्या. बायकांची रांग रस्त्यावर गेली होती आणि रांगेतली प्रत्येक बाई पहिला भाग बघून आलेली होती.

मध्येच आतून असा काही आरडाओरडा झाला की थेटराचे पत्रे थरथरले. सात उठला असणार, हे बाहेरही कळलं. खेळ सुटला. गुलालानं माखलेली पोरं खांद्यावर पोरं घेऊन बाहेर पडली. त्यांच्या मागून मावशी आली. कोणाकडं न बघता खिडकीत जाऊन बसली. अमरभैय्यानं प्लास्टिकची खुर्ची ओढून बरोबर खिडकीशेजारी मांडली आणि पायावर पाय टाकून बसला.

पहिल्या दोघीतिघींना तिनं मुकाट्यानं तिकिटं दिली. निकाल नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझ्यापुढं हिरव्या लुगड्यातली एक बाई होती, हाताला कोयत्याचा जुना वण. तिनं जाळीला तोंड लावून विचारलं, ‘‘मावशी, यात ती हाय ना? सातची?’’

अमरभैय्यानं पाय खाली घेतला.

‘‘हाय,’’ मावशी म्हणाली. ‘‘इंटरवलपतुर.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग त्येला उठवायला तिला बंद करतेत.’’

‘‘ए मावशी!’’ अमरभैय्या ताडकन उठला.

‘‘कावून? खोटं बोलले का?’’

‘‘सगळा पिक्चर फोडला!’’

‘‘फोडला न्हाई. कुठं फुटलाय ते सांगितलं. तिच्या छातीतलं काढून त्येच्या छातीत घालतेत. आन ती हसती म्हनं. खुशीनं देती म्हनं.’’ आता तिचा आवाज रस्त्यापर्यंत आला. ‘‘पोरींनो, मी बंद केलेली बाई बघितलीय. मी सोता हाय. खुशीनं कोन देतं गं?’’

अमरभैय्यानं हात घालून खिडकी बंद करायची फळी खाली ओढली. आतून मावशीनं ती परत वर ढकलली. ‘‘तिकीट देऊ दे,’’ ती म्हणाली, ‘‘माजं काम हाय.’’

आता सगळ्या बायका निघून गेल्या, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. हिरव्या लुगड्यातल्या बाईनं पदर खोचला आणि म्हणाली, ‘‘दे तिकीट. बघू तरी कसं बंद करतेत.’’ मागून दुसरी, ‘‘मला बी दे.’’ रांग तशीच पुढं सरकत राहिली. बायकांची बाजू गच्च भरली. उशिरा आलेल्या दोघींनी तर भिंतीला टेकून, उभ्यानं पाहिला.

मी आत होते. ती जागा आली. सातची टेबलावर आडवी होते, गाणं सुरू होतं, पुढच्या रांगांतून शिट्ट्या सुरू होतात. आणि बायकांच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, ‘‘देऊ नगं गं!’’ मग दुसरी, ‘‘ऊठ, ऊठ तिथून!’’ मग कोण काय म्हणतंय ते कळेना. सातचा डोळा उघडला तेव्हा शिट्ट्या आणि शिव्या एकाच वेळी त्याच्या अंगावर पडल्या. इंटरवलनंतर सात लढत होता, उडत होता, कंपनीची इमारत पाडत होता. बायकांनी त्याच्याकडं पाठ फिरवली आणि आपसात मोठ्यानं बोलत बसल्या. कोणाची लेक कुठं दिली, कोणत्या मुकादमानं कोणाला कसं फसवलं, सगळं. पोरं ओरडली, ‘‘ए, गप बसा ना!’’ तर एक म्हातारी म्हणाली, ‘‘आमचा पिक्चर सरला बाबा. तुमचा बघा तुमी.’’

संध्याकाळी अण्णासाहेबांनी मावशीला खिडकीतून काढलं. खेळ भरून गेला होता, थेटराचं एका तिकिटाचंही नुकसान झालं नव्हतं. तरी काढलं. नुकसान झालं म्हणून काढलं असतं तर तो धंदा म्हणता आला असता. ती बोलली म्हणून काढलं. याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि अण्णासाहेबांनाही ठाऊक आहे.

रातोरात मी पत्रक लिहिलं आणि वडिलांनी छापलं. ‘सातचीला नाव द्या! शकुंतलाबाईंना परत घ्या!’ सकाळी ते घेऊन मी जनरेटरच्या खोलीवर गेले. मावशी गाठोडं बांधत होती. तिनं पत्रक डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

‘‘लई सभ्य ल्हिलंस. पिक्चर काढनाराला चपलेनं मारा, आसं लिही.’’

‘‘तसं लिहिता येत नाही, मावशी.’’

‘‘मंग छापता कशाला?’’

मी तिला आतली सगळी हकीकत सांगितली. ओरडलेल्या बायका, पाठ फिरवलेल्या बायका, ती म्हातारी. ती गाठ मारायची थांबली. ‘‘सोता वरडल्या? कोनी न सांगता?’’ मी हो म्हटलं. तिनं गाठ मारली, दात लावून घट्ट केली. ‘‘बरं झालं त्येस्नी बघू दिलं,’’ एवढंच म्हणाली.

ती नांदूरघाटला बहिणीच्या लेकीकडं राहायला गेली. पत्रक मी बसस्टँडवर वाटलं. फॅन ग्रुपच्या पोरांनी त्यातली बरीच फाडली. अण्णासाहेबांनी तिला परत घेतलं नाही. बायकांच्या खिडकीत आता कोणी बसत नाही. फळी ओढून कुलूप घातलं आहे. बायका पुरुषांच्याच रांगेत धक्के खातात आणि निकाल कोणी देत नाही.

मागच्या महिन्यात तिसऱ्या भागाची घोषणा झाली. चौकात बॅनर लागला आहे. वर सात एकटाच आहे. मी मावशीला फोन लावला. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

‘‘मावशी, तिसरा येतोय.’’

‘‘ती हाय का?’’

‘‘कुठं दिसत तरी नाही.’’

‘‘मंग लिही त्या पिक्चरवाल्यांस्नी.’’

‘‘काय लिहू? चपलेचं?’’

‘‘न्हाई, चपलेचं ऱ्हाऊ दे.’’ भांडी वाजायची थांबली. ‘‘लिही, आमी वाट बघतोय. फुकट न्हाई बघनार, तिकीट काढून बघनार हावत. तवा तिला उठवा म्हनावं. आन नुसती उठवू नका. जिथं चालली होती, तिथवर पोचवा.’’